परदेशातून अलॉय व्हील मागवताना: गाडीला चाक लागेपर्यंतचा खरा खर्च

दुबईतला भाचा व्हॉट्सॲपवर चार चाकांच्या सेटचा फोटो पाठवतो, खाली दिरहममधली किंमत. इकडे दापोलीत मामा मोबाइलवर गुणाकार करतो, मुंबईच्या दुकानातल्या भावाशी ताडून बघतो आणि 'घेऊन टाक' म्हणतो. पैसे जातात. मग सीमाशुल्काचा आकडा येतो, मग कुरिअरचं वेगळं बिल, मग कुठल्यातरी कागदावाचून माल अडतो. एवढं सगळं निस्तरल्यावर चिपळूणचा टायरवाला सांगतो की मधलं भोक लहान आहे, चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ते बसतं त्यावर, बसतच नाही.

गुणाकार बरोबरच असतो. क्रम चुकलेला असतो. किंमत विचारण्याआधी तीन प्रश्न सुटायला हवेत: हे चाक भारतात आणता येतं का, माझ्या गाडीला बसतं का, आणि कोणत्या वाटेने येणार. या लेखात तोच क्रम धरला आहे. इथे स्वतःच्या गाडीसाठी नव्या चाकांचा एक सेट एवढाच विचार आहे. विकायला माल आणायचा असेल तर आयात-निर्यात कोड, जीएसटी नोंदणी आणि कस्टम ब्रोकर लागतो. तो धंदा वेगळा.

खालचे जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतरचे आहेत. सीमाशुल्काचे दर दर बजेटला हलू शकतात. म्हणून पद्धत इथून घ्या आणि दर मात्र पैसे भरायच्या आदल्या दिवशी सीमाशुल्क विभागाच्या 'आइसगेट' संकेतस्थळावर पाहा.

## टप्पा १: आणता येतं का, ते आधी

जुनी चाकं नकोत. जपानच्या लिलावातली किंवा दुबईच्या भंगार बाजारातली वापरलेली रिम स्वस्त दिसते. परकीय व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून बाकीचा वापरलेला माल 'प्रतिबंधित' गटात आहे, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही. परवान्याविना आलेला माल जप्त होऊ शकतो. सोडवायचा तर शुल्कावर दंड चढतो आणि स्वस्ताई तिथेच संपते. विक्रेता 'फक्त दोन महिने वापरलेली' म्हणतो, तेव्हा कस्टमच्या दृष्टीने ती जुनीच.

टायर चढवलेली चाकं नकोत. नव्या टायरांची आयातही जून २०२० पासून प्रतिबंधित आहे. सेट टायरसकट घेतला तर रिमसोबत टायरचा प्रश्नही ओढवून घेता. वर खोका मोठा होतो आणि भाडं वाढतं. रिम नुसती मागवा, टायर इकडे घ्या.

आयएसआय चिन्ह विचारा. बहुतेक लोकांना हे माहीतच नसतं. गाडीच्या व्हील रिमसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे आणि अवजड उद्योग मंत्रालयाने २०२० मध्ये रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. परदेशी कारखान्यालाही भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) परवाना घ्यावा लागतो आणि अनेक मोठ्या कारखान्यांनी तो घेतलेला आहे. विक्रेत्याकडून रिमच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागवा. त्यावर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि परवान्याचा क्रमांक दिसला पाहिजे. परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव समोर येतं. जपानी 'जेडब्ल्यूएल' किंवा जर्मन 'टीयूव्ही' हे शिक्के चाकाच्या मजबुतीबद्दल सांगतात, पण आयएसआयची जागा घेत नाहीत.

कुठे बनलं, ते विचारा. कुठून निघालं, ते नव्हे. १२ ते २४ इंची अॅल्युमिनियम अलॉय व्हीलवर भारताने चीनविरुद्ध अँटी-डंपिंग शुल्क (बाहेरचा माल फार स्वस्तात ओतला जाऊ नये म्हणूनचं जादा शुल्क) लावलं. सुरुवातीला कोरिया आणि थायलंडही त्यात होते. हे शुल्क मालाच्या मूळ देशावरून ठरतं. म्हणजे चिनी कारखान्यातली रिम शारजाच्या दुकानातून घेतली, तरी ती चिनीच. शिवाय ते किमतीच्या टक्क्यांवर नसून वजनावर लागतं, त्यामुळे स्वस्त आणि जड चाकाला जास्त झोंबतं. कोणत्या देशाला आज ते लागू आहे, हे व्यापार उपाय महासंचालनालयाच्या आणि सीमाशुल्काच्या ताज्या अधिसूचनांत पाहा.

> थांबा आणि तपासा: नवी आहे, टायर नाही, आयएसआयचा फोटो हातात आहे, मूळ देश लेखी कळला आहे. यातलं एकही उत्तर 'बघू' असेल तर इथेच थांबा. पुढचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: गाडीला बसतं का

'माझ्याकडे अमुक गाडी आहे, तिला चालेल का?' असं परदेशी विक्रेत्याला विचारून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीचे भारतातले आणि बाहेरचे आकडे नेहमी सारखे नसतात. आपले आकडे आपण काढायचे आणि 'हे जुळतं का' असं विचारायचं.

लागणारे आकडे असे:

बोल्ट आणि पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास). स्विफ्टला ४×१००, म्हणजे ४ बोल्ट आणि १०० मिमीचं वर्तुळ, भारतातल्या पोलोला ५×१००, जिम्नीला ५×१३९.७, फॉर्च्युनरला ६×१३९.७. जवळजवळचे आकडे फसवतात. ४×१०० आणि ४×९८ किंवा ५×११२ आणि ५×११४.३ डोळ्यांना सारखेच दिसतात. नट जोर लावून बसवता येईलही, पण ताण एका बाजूला जातो आणि घाटात नट सैल होतो. जवळपास म्हणजे नाहीच, असं धरा.

मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर. स्विफ्टचा हब ५४.१ मिमी, पोलोचा ५७.१, जिम्नीचा १०८. चाकाचं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये हब रिंग, म्हणजे फट भरून काढणारं कडं, घालता येते. बाजारातल्या कितीतरी रिमना ७३.१ चं भोक असतं ते त्याचसाठी. लहान असेल तर उपाय नाही. लेथवर कापून मोठं करून देणारे भेटतील. ती वाट धरू नका.

ऑफसेट (चाकाच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर, मिमीमध्ये) आणि रुंदी. हे दोन्ही एकत्र मोजायचे, आणि इथेच जास्तीत जास्त चुका होतात. समजा मूळ चाक ६ इंच रुंद, ऑफसेट ४५. तुम्ही ७ इंच रुंद, ऑफसेट ३५ घेतलं. ऑफसेट १० मिमी कमी झाला म्हणून चाक १० मिमी बाहेर आलं. रुंदी एक इंच वाढली, तिचा अर्धा भाग, १२.७ मिमी, आणखी बाहेर. एकूण २२.७ मिमी. म्हणजे टायर मडगार्डच्या बाहेर डोकावणार, पावसात सगळा चिखल दरवाजावर उडणार आणि बेअरिंगवरचा भार वाढणार तो वेगळाच.

भार. गाडीच्या ज्या ॲक्सलला जास्त भाराची परवानगी आहे, तो आकडा घ्या आणि अर्धा करा. रिमवर कोरलेला भार त्याहून कमी असता कामा नये. आंब्याच्या पेट्या भरून मुंबई गाठणाऱ्या गाडीला हे नुसतं पुस्तकी गणित नाही.

नटाची बैठक. शंकूच्या आकाराची की गोलाकार? आणि आटे कोणते, १२×१.२५, १२×१.५ की १४×१.५? चाकासोबत आलेले नट तुमच्या आट्यांचे असतीलच असं नाही. स्टेपनी जुनीच लोखंडी ठेवणार असाल तर तिचे जुने नट डिकीत जपून ठेवा. अलॉयचे नट लोखंडी रिमला चालतीलच याची खात्री नाही, आणि पंक्चर रात्री आंबा घाटातही होऊ शकतं.

आता आकार. १८५/६५ आर१५ (रुंदी १८५ मिमी, भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच) टायरची एकूण उंची ६२१.५ मिमी येते. १९५/५५ आर१६ ची ६२०.९, म्हणजे जवळपास तीच. स्पीडोमीटर बिघडत नाही. २०५/४५ आर१७ घेतला तर उंची ६१६ च्या आसपास राहते, पण टायरची भिंत १२० वरून ९२ मिमीवर येते. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यात त्या २८ मिमीचा फरक थेट रिमला कळतो. शोरूमच्या फरशीवर १७ इंच छान दिसतो, हे मान्य. कोकणात रोज चालणाऱ्या छोट्या गाडीला १६ च्या वर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिनिशबद्दलही आत्ताच ठरवा, कारण मागाहून बदलता येत नाही. डायमंड-कट म्हणजे चकचकीत कापलेला पृष्ठभाग. खड्ड्याने किंवा दगडाने वरच्या लॅकरला टवका उडाला की खारी, दमट हवा आत शिरते आणि पांढरट जाळ्या पसरू लागतात. मालवण, हर्णै, श्रीवर्धन अशा समुद्रालगतच्या गावांत पूर्ण रंगवलेलं किंवा पावडर-कोट केलेलं चाक घ्या.

## टप्पा ३: विक्रेत्याकडून पूर्ण कोटेशन

'पूर्ण किंमत काय?' या प्रश्नाला विक्रेता त्याच्या दुकानातली किंमत सांगतो. त्याऐवजी खालच्या गोष्टी एकाच ईमेलमध्ये मागा:

- निर्यातीची किंमत, स्थानिक कर वगळून
- प्रत्येक खोक्याची लांबी, रुंदी, उंची आणि वजन
- मूळ देश आणि कारखान्याचं नाव
- बीजकावर काय लिहिणार, त्याचा नमुना
- वाटेत चाक वाकलं किंवा हरवलं तर भरपाई कोणाकडून

पहिल्या ओळीवर पैसे वाचतात. जर्मनीत व्हॅट १९ टक्के, ब्रिटनमध्ये २०, जपानमध्ये उपभोग कर १० टक्के, अमिरातीत व्हॅट ५ टक्के. माल देशाबाहेर जाणार असेल तर विक्रेता तो कर न लावता बीजक करू शकतो, पण मागितलं तरच. कित्येक जण जर्मनीचा १९ टक्के कर भरतात आणि त्याच रकमेवर भारतात पुन्हा शुल्क देतात.

दुसऱ्या ओळीवर भाडं ठरतं. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. ४८×४८×२६ च्या खोक्याचं ते साधारण १२ किलो येतं, चाराचे ४८. त्याच चाकाला विक्रेत्याने ५४×५४×३२ चा खोका वापरला तर एकाचे १८.७ आणि चाराचे जवळपास ७५ किलो. चाकं तीच, पण भाडं दीडपट. म्हणून खोक्याचं माप बीजकाइतकंच महत्त्वाचं.

बीजकात 'कार ॲक्सेसरीज' असं मोघम नको. 'नवीन अॅल्युमिनियम अलॉय व्हील, टायरविना, ४ नग', आकार, मूळ देश आणि शुल्क वर्गीकरण ८७०८ ७० असं स्वच्छ लिहून घ्या.

> सावधान: 'किंमत कमी दाखवू का?' किंवा 'गिफ्ट लिहू का?' असं विक्रेता आपुलकीने विचारेल. नको म्हणा. भेटवस्तूंची ५,००० रुपयांपर्यंतची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. आणि चाकाची खरी किंमत अधिकाऱ्याला नेटवर एका मिनिटात सापडते. पकडलं तर दंड. नाही पकडलं आणि माल फुटला, तर भरपाईही त्या खोट्या कमी किमतीचीच.

## टप्पा ४: वाट निवडा

कुरिअर. एका सेटसाठी बहुधा हीच वाट सोयीची. भाडं जास्त, पण कस्टमचं काम कुरिअरच करतो आणि खर्च आधी कळतो. दर घेताना मुंबईचा नव्हे, स्वतःच्या गावाचा पिनकोड टाका. मंडणगड, गुहागर, देवगडसारख्या ठिकाणी 'दूरच्या भागाचा' अधिभार लागू शकतो.

टपाल. देशागणिक एका पार्सलला २० किंवा ३० किलोची मर्यादा असते, म्हणून एकेक चाक वेगळं येतं. चारही एकाच दिवशी येतील याची हमी नाही, आणि प्रत्येक पार्सलचं मूल्यांकन स्वतंत्र. सहनशक्ती असेल तर चालेल.

समुद्र. इथे लोक हमखास फसतात. विक्रेता 'न्हावा शेवापर्यंत' म्हणून अगदी किरकोळ भाडं सांगतो. चार खोक्यांचं आकारमान एक चतुर्थांश घनमीटरही भरत नाही. पण वाटून घेतलेल्या कंटेनरमध्ये किमान एक घनमीटरचं भाडं लावतात. खरा खर्च माल उतरल्यावर सुरू होतो: डिलिव्हरी ऑर्डर, बंदरातली हाताळणी, कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये (कंटेनर उघडायच्या गोदामात) माल मोकळा करणं, गोदाम भाडं, कस्टम ब्रोकरची फी. यातलं बरंच एका सेटला जेवढं लागतं तेवढंच पन्नास सेटला. बिल ऑफ एन्ट्री (सीमाशुल्काकडे द्यायचं आयात मालाचं विवरणपत्र) वेळेत दाखल झालं नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये उशीर आकार लागतो. चार चाकांची किंमत त्यात केव्हाच बुडते. न्हावा शेवा रायगड जिल्ह्यात आहे, म्हणजे कागदावर माल कोकणातच उतरला असं समाधान तेवढं मिळतं. जयगडला बोटी लागतात, पण कोळशासारख्या सुट्या मालाच्या. तुमचा खोका तिथे उतरणार नाही. पाच-सहा मित्रांनी मिळून सेट मागवले तरी तो खासगी वापर राहत नाही, व्यापार समजला जाऊ शकतो.

येणाऱ्या माणसाच्या सामानातून. कोकणातल्या घरोघरी कोणीतरी आखातात असतं, त्यामुळे हा विचार आधी येतो. दोन अडचणी आहेत. एक, विमानतळावर ३२ किलोंहून जड नग घेत नाहीत. दोन चाकांची एक बॅग त्यात बसते, पण त्या माणसाचं घरच्यांसाठी आणलेलं सगळं सामान मागे राहतं किंवा जादा वजनाचे पैसे पडतात. दुसरी अडचण मोठी. बॅगेजची सवलत प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या वैयक्तिक सामानासाठी आहे. गाडीची चार चाकं त्यात धरायची की नाही, हे अधिकारी ठरवतो, आणि टप्पा १ मधले नियम तिथे गळून पडत नाहीत. आणायचंच असेल तर बीजक सोबत ठेवून रेड चॅनलमधून, म्हणजे शुल्क लागणाऱ्या सामानाच्या रांगेतून, जाहीर करून आणा. अमिरातीच्या विमानतळावर पर्यटकाला व्हॅटचा परतावा मिळतो, पण तो पर्यटकालाच. तिथे नोकरी करणाऱ्या भाच्याला नाही.

## टप्पा ५: शुल्काचा हिशेब

शुल्क फक्त चाकाच्या किमतीवर नसतं. किंमत, भाडं आणि विमा मिळून जे मूल्य होतं त्यावर असतं, आणि विनिमय दर गूगलचा नव्हे, सीमाशुल्क विभागाचा.

इथे एक नियम तुमच्या बाजूचा आहे. माल विमानाने आला तर शुल्कासाठी धरायचं भाडं चाकाच्या निर्यात किमतीच्या २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात कितीही दिलेलं असो. विम्याचा आकडा उपलब्ध नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात.

उदाहरण म्हणून समजा: चाकांची किंमत ८०,००० रुपये, विमानाचं भाडं ३६,०००, विमा ९००.

- शुल्कासाठी मूल्य: ८०,००० + १६,००० (भाडं, २० टक्क्यांपर्यंतच) + ९०० = ९६,९००
- मूळ सीमाशुल्क १५ टक्के: १४,५३५
- समाजकल्याण अधिभार, मूळ शुल्काच्या १० टक्के: १,४५३.५०
- इथवरची बेरीज: १,१२,८८८.५०
- एकात्मिक जीएसटी १८ टक्के, या बेरजेवर: २०,३१९.९३
- एकूण शुल्क: सुमारे ३६,३०८

म्हणजे मूल्याच्या ३७.४७ टक्के. '१५ आणि १८ मिळून ३३' अशी बेरीज करणारे इथे चुकतात; जीएसटी शुल्क मिळवल्यानंतरच्या रकमेवर बसतो. आणि कुरिअरने पूर्ण ३६,००० भाडं धरून शुल्क काढलं तर आकडा ४३,८०२ होतो. साडेसात हजारांचा फरक, म्हणून बिल वाचा.

वरचे १५ टक्के हे ८७०८ या वर्गीकरणाचे आहेत. खासगी वापरासाठी हवाईमार्गे किंवा टपालाने आलेला माल ९८०४ या वेगळ्या शीर्षकाखाली जातो. त्याचा दर स्वतंत्र असतो आणि बजेटमध्ये बदलतो. तो लागू होत असेल तर पहिल्या ओळीत त्या दिवशीचा दर घाला, अधिभाराची ओळ लागू आहे का पाहा. बाकी मांडणी तीच. अँटी-डंपिंग असेल तर ते जीएसटीच्या आधी मिळवायचं, कारण त्यावरही जीएसटी बसतो.

जपान, कोरिया, अमिरात यांच्याशी भारताचे व्यापार करार आहेत आणि त्यांत काही मालाला सवलतीचा दर असतो. त्यासाठी त्या देशातल्या अधिकृत संस्थेचं मूळ प्रमाणपत्र लागतं आणि २०२० च्या नियमांनुसार माल खरोखर तिथेच बनल्याची माहिती आयातदाराकडे असावी लागते. किरकोळ विक्रेता एका सेटसाठी एवढं सहसा करत नाही. मिळालं तर उत्तम, पण हिशेब पूर्ण दरानेच मांडा.

## टप्पा ६: बाकीच्या ओळी, आणि मग तुलना

आता उरलेलं. परदेशी चलनासाठी बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के आकार आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी: ८०,००० वर साडेतीन टक्क्यांनी ३,३०४ रुपये. पैसे भरताना 'रुपयांत भरू का?' असा पर्याय आला तर विक्रेत्याचंच चलन निवडा. रुपयांचा तो दर बहुधा महाग पडतो. कुरिअर तुमच्या वतीने शुल्क भरतो, त्याची फी. मुंबई ते गाव वाहतूक. नट, हब रिंग, व्हॉल्व्ह, बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. या तीन-चार ओळींना मिळून सात हजार धरले, तर वरच्या उदाहरणाचा एकूण आकडा असा: ८०,००० + ३६,००० + ९०० + ३६,३०८ + ३,३०४ + ७,००० = १,६३,५१२.

ऐंशी हजारांची चाकं दुपटीहून महाग पडली. हा आकडा घेऊन मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात किंवा एखाद्या अधिकृत आयातदाराकडे त्याच चाकाचा भाव विचारा. आयएसआय असलेला, बिलासकटचा, वॉरंटीसकटचा. बऱ्याच वेळा तिथलाच भाव कमी निघतो. अशा वेळी 'बाहेरून मागवलं' हे सांगण्याच्या हौसेची किंमत किती, ते ज्याचं त्याने ठरवावं. इथे मिळतच नाही असा आकार किंवा डिझाइन असेल, तरच पुढे जा.

## टप्पा ७: माल मुंबईत आल्यावर

कुरिअरकडून ओळखपत्राची मागणी येईल. पार्सलवरचं नाव आणि आधार, पॅन किंवा पासपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. 'बंड्या पाटील, दापोली' या नावाने मागवलेलं पार्सल तिथेच बसून राहतं, आणि गोदाम भाड्याचं मीटर चालू राहतं. कागद आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा: बीजक, पैसे भरल्याचा पुरावा, विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, आयएसआय परवान्याचा तपशील.

शुल्क भरण्याआधी बिल ऑफ एन्ट्रीचा मसुदा मागा आणि चार गोष्टी पाहा: वर्गीकरण, धरलेलं भाडं, विनिमय दर, नगांची संख्या. चूक असेल तर भरण्याआधी बोला. मागाहून परतावा मिळवणं कायद्यात आहे, व्यवहारात दमवणारं आहे.

> सावधान: 'कस्टम ऑफिसर बोलतोय, पार्सल अडकलंय, या नंबरवर पैसे टाका' असा फोन आला तर तो भामटाच. सीमाशुल्क कोणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर जात नाही. विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

## टप्पा ८: मुंबई ते घर

माल मुंबईतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर घेऊन पुढे स्वतः आणला तर दूरच्या भागाचा अधिभार वाचू शकतो. पण मग ओळखपत्र आणि पार्सलवरचं नाव कोणाचं, हे आधी ठरवा. ट्रान्स्पोर्टने किंवा खासगी बसने पाठवताना बीजक आणि बिल ऑफ एन्ट्रीची प्रत सोबत द्या. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. त्या काळात कोकणात येणाऱ्या प्रत्येक गाडीत चाकरमान्यांचं सामान छतापर्यंत असतं आणि तुमचे खोके तळाशी जातात.

खोके माणसासमोर उघडा, व्हिडिओ चालू ठेवून. रिमची आतली कड बोटाने पूर्ण फिरून तपासा. मार तिथेच बसलेला असतो आणि बाहेरून दिसत नाही. एकच चाक वाकलेलं निघालं तर ते परत पाठवण्यापेक्षा विक्रेत्याकडून पैसे किंवा बदली चाक मागणं बहुधा परवडतं. परत पाठवलेल्या मालावर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७४ नुसार ९८ टक्क्यांपर्यंत शुल्क परत मिळू शकतं, पण त्यासाठीची कागदपत्रं एका चाकाच्या मानाने फार. आणि बदली चाकावरही शुल्क लागेल, हे गृहीत धरून बोला.

## टप्पा ९: टायर चढवण्याआधी

हा क्रम उलटा करू नका. आधी नुसती रिम गाडीला लावून पाहा: हबवर सपाट बसते का, ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, नट हाताने किमान सहा-सात फेरे फिरतो का. मगच टायर चढवा. एकदा टायर चढून रिमवर ओरखडे आले की विक्रेता काहीही परत घेत नाही.

हब रिंग वापरत असाल तर ती हबवर हाताने दाबून बसली पाहिजे, हलता कामा नये. हबची गंज तारेच्या ब्रशने साफ करून अँटी-सीझचा (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणूनचं वंगण) अगदी पातळ थर लावा. लोखंडी हब आणि अॅल्युमिनियम खाऱ्या हवेत एकमेकांना असे धरतात की पुढच्या पंक्चरला चाक निघत नाही. नटांच्या आट्यांना मात्र काही लावू नका, टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा चुकतो. नट टॉर्क रेंचनेच आवळा, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला. नुसत्या एअर गनवर सोडू नका. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरत असताना कडेकडे बघा. डोलत असेल तर वजनं चिकटवून ते लपवण्याऐवजी तिथेच व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवा.

विमा कंपनीला चाकं बदलल्याचं लेखी कळवा, बीजक आणि बिल ऑफ एन्ट्री जोडून. पॉलिसीत नोंद नसेल तर चोरी किंवा अपघातानंतर भरपाई फार तर मूळ चाकांच्या किमतीची मिळेल.

साधारण ८० ते १०० किलोमीटर चालल्यावर, चाकं थंड असताना, नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. काढलेली जुनी चाकं लगेच विकू नका. निदान एक पावसाळा जाऊ द्या.